आठवण मोघम नको, नेमकी हवी

(रौप्यमहोत्सवी वर्षात संस्थेच्या ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



समितीने मला निरोप दिला, "काका, पंचवीस वर्षांच्या आठवणी सांगा." मी म्हटलं, आठवणी सांगणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. टँकरच्या, बंद पडलेल्या लिफ्टच्या, पहिल्या गणपतीच्या आठवणी स्मरणिकेत येतीलच. मी जरा वेगळं बोलतो. माणूस आठवण काढतो म्हणजे नेमकं काय करतो, आणि तिचा त्याच्या मनाच्या प्रकृतीशी काय संबंध आहे, याबद्दल. मी मानसशास्त्राचा माणूस नाही, आयुष्य बँकेत गेलं. पण निवृत्तीनंतर या विषयावरचं जे हाताशी आलं ते वाचत गेलो. त्यातलं जे आपल्या वयाच्या लोकांच्या उपयोगाचं वाटलं, तेवढंच सांगतो.

आधी एक दिलाशाची गोष्ट. म्हातारी माणसं जुन्या गोष्टी सांगत बसतात, याचा घरातल्यांना कंटाळा येतो. एके काळी जाणकारसुद्धा म्हणायचे की हे बुद्धी ढळल्याचं लक्षण. १९६३ साली रॉबर्ट बटलर या अमेरिकन डॉक्टरांनी एक लेख लिहिला. त्यांचं म्हणणं असं की, उतारवयात मागे वळून बघणं हे मनाचं स्वाभाविक काम आहे. आयुष्याचा हिशेब लावून बघणं, राहून गेलेल्या गोष्टींशी समेट करणं, हे त्यातून होतं. तेव्हा कोणी म्हणालं, "आजोबांचं सुरू झालं परत," तर मनाला लावून घेऊ नका.

मात्र मागे वळून बघण्याचेही प्रकार आहेत. काहींनी मन हलकं होतं, काहींनी जड होतं. तो फरक कशात आहे, हेच मला आज सांगायचं आहे.

आपल्यापैकी बऱ्याच जणांना वाटतं की आठवण म्हणजे बँकेतला लॉकर. दागिना ठेवला, किल्ली फिरवली, दहा वर्षांनी उघडला की तोच दागिना तसाच हातात. तसं नसतं. फ्रेडरिक बार्टलेट या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९३२ सालच्या आपल्या पुस्तकात दाखवून दिलं की, माणूस आठवण काढतो तेव्हा ती दर वेळी नव्याने रचतो. जुने तुकडे घेतो आणि मधल्या फटी आपल्या समजुतीने बुजवतो.

आपल्याच इथलं उदाहरण घ्या. २६ जुलै २००५. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, तो दिवस. इथे कोणालाही विचारा, कालच घडल्यासारखा सांगेल. पण तिघांना एकत्र बसवून विचारा! ए विंगवाले म्हणतात, वीज दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आली. सी विंगवाले म्हणतात, छे हो, तिसऱ्या दिवशी. पाणी मीटर रूमच्या पायरीला लागलं होतं की आत शिरलं होतं, यावर आजही दोन पक्ष आहेत. कोणी खोटं बोलत नाही. प्रत्येकाची खात्री आहे.

अमेरिकेत याचा अभ्यासच झाला. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर यान उड्डाणानंतर काही क्षणांत नष्ट झालं. उल्रिक नायसर यांनी दुसऱ्याच दिवशी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं की बातमी कळली तेव्हा तुम्ही कुठे होता, कोणी सांगितलं. अडीच-तीन वर्षांनी त्यांतल्या काहींना तेच प्रश्न पुन्हा विचारले. बऱ्याच जणांच्या हकिकती पहिल्या कागदाशी जुळल्या नाहीत, आणि खात्री मात्र पक्की. त्यांच्याच हस्ताक्षरातला कागद दाखवला, तरी मूळ हकिकत परत आठवली नाही.

म्हणून सभेत काय ठरलं होतं, यासाठी मिनिट्स बुकच बघावं. तिथे आठवणीवर भिस्त ठेवू नये. मग आठवणीचा उपयोग काय? तर तिचं मुख्य काम कोर्टात साक्ष देणं हे नाही. मी कोण, मी कुठून आलो, पूर्वी अडचण आली तेव्हा मी कसा निभावलो, हे मला सांगत राहणं, हे तिचं काम. आणि ते ती नीट करते की नाही, हे तिच्या नेमकेपणावर बरंच अवलंबून असतं.

आता मुद्द्यावर येतो. एक शब्द द्यायचा आणि त्यावरून कोणती आठवण येते ते बघायचं, ही पद्धत जुनी आहे. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८७९ साली पंचाहत्तर शब्दांची यादी करून स्वतःवरच हा प्रयोग केला होता. पुढे १९८६ साली ब्रिटनमधले मार्क विल्यम्स आणि कीथ ब्रॉडबेंट यांनी हीच पद्धत अशा माणसांसाठी वापरली, जी जीव देण्याच्या प्रयत्नातून वाचलेली होती. प्रत्येक शब्दाला एखादा विशिष्ट प्रसंग सांगा, एका ठरावीक दिवशी घडलेला, असं त्यांना सांगितलं होतं. संशोधकांच्या लक्षात आलं की या माणसांना विशिष्ट प्रसंग सांगता येत नाही. ती मोघम सांगतात.

मोघम म्हणजे कसं? समजा, शब्द दिला 'आनंद'. एक जण म्हणतो, "आम्ही दर उन्हाळ्यात गावाला जायचो, फार मजा यायची." दुसरा म्हणतो, "माझा मॅट्रिकचा निकाल लागला त्या दिवशी वडिलांनी सायकल स्टँडवर लावलीच नाही, तशीच अंगणात आडवी टाकली आणि आत आले." दोन्ही उत्तरं आनंदाचीच. पण पहिल्यात एकही दिवस नाही. दुसऱ्यात एक दिवस आहे, एक अंगण आहे, पडलेली सायकल आहे. बँकेच्या भाषेत सांगायचं तर पहिला माणूस खात्यावरची शिल्लक सांगतो, दुसरा नोंद सांगतो.

त्यानंतर हा प्रयोग अनेक ठिकाणी झाला. नैराश्याचा आजार असलेल्यांमध्ये, तसंच मोठ्या आघातातून गेलेल्यांमध्ये हा मोघमपणा पुन्हा पुन्हा दिसला. आणि तो फक्त दुःखाच्या आठवणींत नव्हता, सुखाच्याही होता. इथे एक खुलासा करतो, नाहीतर घरी जाऊन कोणीतरी काळजीत पडेल. वय वाढलं की सगळ्यांच्याच आठवणी थोड्या मोघम होतात. एखादा प्रसंग आठवला नाही म्हणजे आजार जडला, असं मुळीच नाही. मन उदास असणं आणि आठवणी मोघम होणं, या दोन गोष्टी एकमेकींचा हात धरून चालतात, इतकंच लक्षात ठेवावं.

असं का होत असेल? पूर्वी एखादा जुना व्यवहार शोधायचा तर आधी वर्ष, मग खातं, मग लेजरचं पान, मग त्या दिवसाचं व्हाउचर, असं पायरी पायरीने खाली जावं लागायचं. आठवणही अशीच सापडते. 'नोकरीचे दिवस' इथून सुरुवात होते, मग अमुक शाखा, मग अमुक साल, मग ती एक दुपार. थकलेलं मन वरच्याच पायरीवर थांबतं, पुढे उतरायला त्राण नसतं. आणि कधी कधी ते मुद्दाम थांबतं, कारण खाली काय आहे हे त्याला माहीत असतं. खाली उतरलं तर दुखेल.

हे मला पुस्तक वाचून पटलं असं नाही. माझी पत्नी जाऊन सहा वर्षं झाली. आपल्यापैकी बहुतेकांनी तिला पाहिलेलं आहे. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच वाक्य सांगायचो, "फार समाधानी होती, सगळ्यांचं केलं तिने." ते खरंच होतं. पण होता होता माझ्याजवळ तेवढं एक वाक्यच उरलं. चेहरासुद्धा भिंतीवरच्या फोटोतलाच डोळ्यांसमोर यायचा. वर्ष-दीड वर्षाने सुट्टीत नात आली होती, नऊ वर्षांची. तिने विचारलं, "आजोबा, आजी चिडली की काय करायची?" मी म्हटलं, "फारशी चिडायची नाही गं." ती म्हणाली, "पण चिडली की?"

आणि मला एकदम आठवलं. चिडली की ती मिसळणाचा डबा धुवायला काढायची! १९८७ साली माझ्या बदलीची ऑर्डर आली, मुलांची शाळा ऐन वर्षाच्या मध्यात. ती एक शब्द बोलली नाही. स्वयंपाकघरात खाली बसून तिने डब्यातली एकेक वाटी वर्तमानपत्राच्या तुकड्यावर उपडी केली. मोहरीत थोडं जिरं सांडलेलं होतं, ते दिव्याखाली बसून निवडत राहिली. हळदीने पिवळी झालेली बोटं, कागदाचा आवाज, सगळं दिसायला-ऐकू यायला लागलं. शेवटी वाट्या पुसून डब्यात परत लावल्या आणि म्हणाली, "तिकडे जागा बघाल ती शाळेजवळ बघा." बस्स. भांडण संपलं.

नातीला हे सांगितलं आणि त्या रात्री मला रडू आलं. ती गेल्यानंतर इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. पण सकाळी उठलो तो हलका होऊन. ते गुळगुळीत वाक्य मला दुःखापासून राखत होतं, आणि त्याच वेळी तिला माझ्यापासून लांबही ठेवत होतं. नेमकी आठवण आली तेव्हा दुःख झालं, पण ती घरात परत आली. इथे बसलेल्यांपैकी ज्यांनी कोणाला गमावलं आहे, त्यांना मी काय म्हणतो ते वेगळं समजवायला नको.

नेमक्या आठवणीचा दुसरा उपयोग उद्यासाठी असतो. कॅनडात एक रुग्ण होता, शास्त्रज्ञांनी त्याला के. सी. या आद्याक्षरांनीच ओळखलं. १९८१ साली मोटारसायकलच्या अपघातात मेंदूला मार बसला. त्याला बुद्धिबळ खेळता यायचं, जगाची सर्वसाधारण माहिती शाबूत होती, पण स्वतःच्या आयुष्यातला एकही प्रसंग आठवायचा नाही. एंडेल टुल्विंग या मानसशास्त्रज्ञांनी त्याला विचारलं की उद्या काय करणार, तर त्याचंही चित्र त्याच्या मनात येईना. म्हणजे मन ज्या सामानातून काल उभा करतं, त्याच सामानातून उद्या उभा करतं.

आपल्या रोजच्या जगण्यात याचा अर्थ सरळ आहे. मुलं परदेशी, घरात एकटा माणूस, मनात येतं की आता कसं होणार. अशा वेळी "आयुष्यात पुष्कळ सोसलंय" या वाक्याचा काही उपयोग होत नाही. पण "२६ जुलैला मी अंधारात चौथ्या मजल्यावरच्या आजींना पाणी नेऊन दिलं होतं, आणि त्यांनी मला पोहे दिले होते" हे आठवलं, तर त्यात वाट सापडते. कोणाचं दार वाजवायचं हे कळतं.

आता कोणी म्हणेल, आम्ही तर दिवसभर जुनंच आठवत असतो, तरी बरं वाटत नाही. इथे आठवणं आणि उगाळणं यांत फरक करायला हवा. अमेरिकेतल्या सुसान नोलन-होक्सेमा यांनी या उगाळण्याचा अनेक वर्षं अभ्यास केला. तेच तेच मनात घोळवत बसल्याने उदासी लांबते, असं त्यांना दिसलं. उगाळणाऱ्याचा प्रश्न बहुधा 'का' असतो. माझ्याच वाट्याला का? भाऊ असा का वागला? त्याला उत्तर नसतं, म्हणून तो थांबत नाही. त्याऐवजी 'काय झालं, कसं झालं, कुठे, कोण होतं' असं विचारलं, तर मन त्या एका प्रसंगापाशी जातं, तो बघतं आणि परत येतं.

आणखी एक समाधानाची गोष्ट संशोधकांना आढळली आहे. सर्वसाधारणपणे वाईट आठवणीची धार चांगल्या आठवणीच्या गोडव्यापेक्षा लवकर बोथट होते, आणि ती आठवण दुसऱ्यांना सांगितली तर आणखी. पार्किंगच्या जागेवरून आपल्याकडे झालेलं रामायण आठवा. तेव्हा दोन कुटुंबं सहा महिने एकमेकांशी बोलत नव्हती. आज तीच मंडळी तो किस्सा कोजागरीला गच्चीवर रंगवून सांगतात.

मग हा नेमकेपणा शिकता येतो का? येतो. फिलिप रास, मार्क विल्यम्स आणि डर्क हर्मन्स यांनी २००९ साली नैराश्याच्या रुग्णांसाठी गटाने करायचा सराव तयार केला. एक शब्द द्यायचा, त्यावर एक विशिष्ट प्रसंग सांगायचा, तपशील वाढवत जायचं. पुढे इराणमध्ये राहणाऱ्या, युद्धात वडील गमावलेल्या अफगाण मुलामुलींना हाच सराव दिला, तेव्हा त्यांच्या आठवणी नेमक्या झाल्या आणि दोन महिन्यांनी बघितलं तर उदासीही कमी झालेली होती. नंतरच्या अभ्यासांत असंही दिसलं की सराव थांबला की काही काळाने फायदा ओसरतो. यात नवल नाही. सकाळचं चालणं सोडलं की गुडघे परत धरतातच ना!

आता आपण काय करू शकतो, ते सांगतो.

पहिलं म्हणजे प्रश्न बदलूया. "काय, कसं चाललंय?" "ठीक आहे," इथेच आपलं संभाषण संपतं. त्याऐवजी विचारा, "तुम्ही इथे राहायला आलात त्या दिवशी पहिला चहा कोणी दिला?" "तुमचा पहिला पगार किती होता आणि त्यातून काय घेतलंत?" माणूस आपोआप एका दिवसापाशी जातो.

दुसरं, लिहा. रोज पाच-सात ओळी पुरे. 'बालपण सुखात गेलं' असं लिहू नका. एक दिवस निवडा. कुठे होतो, कोण होतं, काय दिसलं, कसला वास आला, कोण काय म्हणालं, एवढं लिहा. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आजही वाचली जातात, कारण त्यांनी आपलं आयुष्य प्रसंगाप्रसंगाने सांगितलं आहे. आपल्याला पुस्तक काढायचं नाही, पण रीत तीच.

तिसरं, नातवंडांना सांगा. अमेरिकेतल्या मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश यांनी मुलांसाठी वीस साधे प्रश्न काढले. आईबाबांची ओळख कशी झाली, आजी-आजोबा कुठे वाढले, अशा धर्तीचे. ज्या मुलांना आपल्या घराची हकिकत जास्त माहीत होती, त्यांचा स्वतःवरचा विश्वासही जास्त दिसला. आणि त्या दोघांनी बजावलंही आहे की उत्तरं घोकून घेतल्याने हे होत नाही. जेवताना, प्रवासात, माणसं एकमेकांशी बोलतात त्यातून ते होतं. फक्त "आमच्या वेळी असं नव्हतं" या वाक्याने सुरुवात करू नका. आपल्याला वयाच्या दहा ते तीस वर्षांतलं सगळ्यात जास्त आठवतं, कारण पहिली नोकरी, लग्न, पहिलं बिऱ्हाड, सगळं तेव्हाच घडलेलं असतं. तो काळ सोन्याचा होता म्हणून नव्हे. नातवंडांचा तो काळ आत्ता चालू आहे.

चौथं सगळ्यात महत्त्वाचं. दुःखाच्या खोल जागी कोणालाही ढकलू नका. ज्याला सांगायचं नसेल त्याला सोडून द्या. आणि दोन-दोन आठवडे मन उदास आहे, झोप नाही, जेवण जात नाही, कशातच रस वाटत नाही, असं असेल तर आठवणींच्या गप्पा हा त्यावरचा इलाज नव्हे. सरळ डॉक्टरांकडे जायचं. सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा आहे, १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालते, मराठीतही बोलता येतं. हा नंबर नोटीस बोर्डावर लावावा, अशी सचिवांना विनंती आहे. रक्तदाबाची गोळी घ्यायला आपण लाजत नाही, मग याला का लाजायचं?

शेवटी एक सूचना मांडतो, समितीने विचार करावा. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी आपण सोसायटीच्या ऑफिसात तासभर जमूया. त्या आठवड्यात नोटीस बोर्डावर एकच शब्द लिहायचा. छत्री, किल्ली, टपाल, डबा, असा कुठलाही. प्रत्येकाने त्यावरून आपल्या आयुष्यातला एकच प्रसंग सांगायचा, पाच मिनिटांत. भाषण नाही, उपदेश नाही, आणि "तसं नव्हतं झालं" म्हणून मध्ये कोणी दुरुस्ती करायची नाही. जे घराबाहेर पडू शकत नाहीत, त्यांच्या घरी दोघा-तिघांनी जायचं. खर्च चहाचा, तो पहिल्या महिन्यात माझ्याकडे.

पहिला शब्द मी सुचवतो, 'उंबरठा'. या इमारतीत राहायला आलात त्या दिवशी तुमच्या दारात काय काय घडलं, ते आठवून या.